तारीख येऊन गेली

खानापूर सोडलं तेव्हाच मला कळलं होतं, की आज भिवघाटापर्यंत काही मी उभी राहत नाही. विटा-आटपाडी गाडी होती, बाजाराचा दिवस होता आणि माणसं दाराच्या पायरीपर्यंत दाटली होती. मागच्या सीटपासून तिकिटं देत मी पुढं सरकत होते आणि प्रत्येक खड्ड्याला ओटीपोटात कुणीतरी आतून पिळा घालावा तसं होत होतं. सकाळी दोन गोळ्या घेतल्या होत्या. त्या आता कुठं गेल्या होत्या कोण जाणे.

पुढच्या बाकावर एक बाई बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, जाड भिंगाचा चष्मा, डोक्यावर पदर, अंगावर शाल. विट्यात चढली तेव्हा मी आटपाडीचं तिकीट देताना सहज विचारलं होतं, की पाहुण्यांकडं निघाला का. ती म्हणाली, असंच, काम होतं जरा. तेव्हापासून ती खिडकीबाहेर कमी आणि माझ्याकडंच जास्त बघत होती. बाईमाणूस कंडक्टर म्हटलं की लोक बघतातच. मला त्याची सवय होती.

भिवघाट यायच्या आधीच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. मी दांडा धरला, पण हात घामानं सुटला आणि मी त्या बाईच्या पायाशीच बसले. खाली ओल जाणवली आणि मला जीव नकोसा झाला. खाकी ड्रेस, भरलेली गाडी, आणि सगळी माणसं माना लांब करून बघतायत.

त्या बाईनं एका झटक्यात आपली शाल काढली आणि माझ्या कमरेला गुंडाळली. कुणाला काही दिसायच्या आत. मग तिनं ड्रायव्हरला हाक मारली. आमचे शिदूआबा निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी भिवघाटाच्या स्टँडला गाडी लावली, डेपोला फोन केला आणि प्रवाशांना सांगितलं, की मागून येणाऱ्या गाडीत बसा, आमच्या बाईंची तब्येत बिघडली आहे. एकजण कुरकुरला, की बायकांना कशाला देतात ही नोकरी. आबा त्याचं बोचकं स्वतः उचलून दुसऱ्या गाडीत ठेवून आले.

सगळे गेले. ती बाई गेली नाही. स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलवाल्याच्या घरात मागं एक खाट होती, तिच्यावर तिनं मला झोपवलं. हॉटेलवाल्याच्या बायकोकडून कपडे मागून घेतले, ते बदलायला मदत केली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पोटावर ठेवली आणि माझं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली.

मी म्हटलं, "मावशी, तुमचं आटपाडीचं काम राहिलं."

"ऱ्हाऊ दे. काम कुठं पळून जातंय." मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "दर महिन्याला असंच होतं व्हय?"

अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. उद्या ते कुठं भेटणार नसतं. मी सगळं सांगत गेले. शाळेत असल्यापासून हे असंच होतं. पाळीचे पहिले दोन-तीन दिवस मी गुडघे पोटाशी घेऊन पडून असायची. बारावीचा एक पेपर मी अर्धा टाकून आले होते. ओवा झाला, काढे झाले, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच, बाईच्या जातीला हे असायचंच. शेवटी नोकरीवर रजा मागून मागून लाज वाटायला लागली, तेव्हा मी एकटीच सांगलीला नदाफ मॅडमकडं गेले. त्यांनी सोनोग्राफी केली, बराच वेळ विचारपूस केली आणि पहिल्यांदा या दुखण्याला नाव मिळालं. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच अस्तर बाहेर नको तिथं वाढतं, पाळीच्या वेळी तेही सुजतं, आतल्या आत रक्तस्राव होतो. माझ्या एका अंडाशयावर गाठ धरली होती.

"मग औषध न्हाई का त्याला?"

औषध होतं. हार्मोनच्या गोळ्या दिल्या होत्या, पण त्यांनी माझं डोकं फुटायची वेळ यायची आणि उलट्या व्हायच्या. मग मॅडम म्हणाल्या, दुर्बिणीनं आत बघू, गाठ काढू, आणि त्याच भुलेत गर्भाशयात एक छोटं साधन बसवून टाकू. तांबीसारखंच दिसणारं, पण तांब्याचं नव्हे. त्यातून रोज थोडं थोडं औषध तिथल्या तिथं सुटतं. अस्तर पातळ राहतं, पाळी हलकी होते, दुखणं कमी होतं. पाच वर्षं बघायला नको.

"मग बसवलं का न्हाईस?"

मग तेही सांगितलं. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आई गावात आशा कार्यकर्ती. डोक्यावर ऊन घेऊन घरोघर फिरते, गरोदर बायकांना दवाखान्यात नेते, दुसरं मूल झालं की त्यांना समजावून तांबी बसवायला घेऊन जाते. तांबी कुणाला बसवतात हे तिच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नाही. आणि तिच्याच लग्नाच्या पोरीला तांबी? मी घरी येऊन सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, की हे पुन्हा बोलू नकोस. गावातल्या एका बाईला जरी कळलं तरी माझं दार बंद होईल आणि तुझंही. लग्न होऊ दे. एक मूल झालं की सगळं आपोआप थांबतं.

"लग्न ठरलंय का मग?"

"रविवारी बघायला येणार आहेत. पलूसकडचे. आईनं बजावलंय, दुखण्याचा एक शब्द काढायचा नाही."

तिचा हात माझ्या केसांतून फिरत होता, तो थोडा थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. मग तिनं विचारलं, "आणि तुला काय वाटतं? लपवावं?"

मी म्हटलं, "मला वाटून काय उपयोग? पण लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी अशी पडणार. तेव्हा ते काय म्हणतील, याचीच मला भीती वाटते. दुखण्याची भीती वाटायची बंद झालीय."

दुपारी शिदूआबांनी मला परतीच्या गाडीत बसवलं. ती बाईसुद्धा त्याच गाडीनं विट्याला परत आली. आटपाडीला गेलीच नाही. उतरताना मी शाल सोडायला लागले तर म्हणाली, असू दे, आणि नाव विचारलं तर म्हणाली, मालन. पुढचं काही विचारायच्या आत ती गर्दीत दिसेनाशी झाली.

रविवारी सकाळपासून आईनं घर सारवल्यासारखं लख्ख केलं होतं. शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. पाळीची तारीख येऊन गेल्यामुळं मी त्या दिवशी बरी होते, आणि तिनं दिवसही तसाच धरला होता. पाहुणे आले तसा मी आतून त्यांचा आवाज ऐकत होते. मुलाचे चुलते बोलके होते. मुलगा, रणधीर, एका हायस्कुलात शिकवायचा. त्याचा आवाज फारसा येत नव्हता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले, मान वर केली, आणि समोरच्या खुर्चीत जाड भिंगाचा चष्मा दिसला.

मी ट्रे तिच्यापुढं धरला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिनं बशी घेतली, लिंबू पिळलं आणि खायला लागली. चुलत्यांनी ओळख करून दिली, या आमच्या मालनवहिनी, मुलाची आई. मी पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला, तोच हात.

मग चुलते आईला म्हणाले, की नोकरी दिवसभर उभ्याची, धक्क्यांची, पोरीच्या तब्येतीला झेपतं ना.

आई म्हणाली, "तब्येतीला काही नाही. साधा तापसुद्धा नसतो कधी."

मी खाली बघत राहिले. आता ती बोलणार असं मला वाटत होतं, सगळ्यांच्या देखत, आणि आईचं तोंड कसं होईल या विचारानं माझे कान तापले होते. पण तिनं पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाली, जरा पाणी पाहिजे होतं. आई उठली तशी तीही उठली आणि आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. रिकाम्या बशा गोळा करायच्या निमित्तानं मीही गेले.

आईनं तांब्या भरून तिच्यापुढं धरला. ती आवाज न चढवता म्हणाली, "ताई, बुधवारी भिवघाटात तुमच्या लेकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

तांब्या आईच्या हातात तसाच राहिला. आईनं माझ्याकडं बघितलं. भिवघाटाचं मी घरी सांगितलंच नव्हतं, ड्युटी लवकर संपली एवढंच म्हटलं होतं.

"मी मुद्दाम चढले होते गाडीत," ती म्हणाली. "पोरगी कामावर कशी आहे, लोकांशी कशी बोलते, ते बघायला. सजवून पुढं आणलेली पोरगी काय कळती? तर हिनं मला कोण-कुठली न बघता सगळं सांगितलं. रविवारी बघायला येणार आहेत, हेसुद्धा मलाच सांगितलं."

आई ओट्याला टेकली आणि म्हणाली, "मग आलात कशाला? निरोप धाडला असता तरी चाललं असतं."

"न्हाई म्हणायचं असतं तर आलेच नसते. पण आत्ताच हो पण म्हणत न्हाई." तिनं पदर सारखा केला. "खोटं कशाला बोलू, मला नातवंड पाहिजे. तीन दिवस ह्याच विचारानं डोळ्याला डोळा न्हाई. म्हणून म्हणते, त्या सांगलीच्या बाईकडं आपण दोघी जाऊ. ती काय सांगती ते ऐकू. तोवर लग्नाचं बोलायला नको. पण ताई, लपवून मला पोरगी देऊ नका. तुम्ही लपवून दिली तर ती माझ्या घरात पण लपूनच दुखत बसंल. आणि मला ते दिसत ऱ्हाईल."

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी आजवर तिला बाहेरच्या माणसासमोर रडताना बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "मी गावातल्या सगळ्या बायकांना दवाखान्यात नेते हो. हिलाच तेवढं नेलं नाही."

बाहेर चुलत्यांना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी रीतीप्रमाणे मुला-मुलीला बोलायला अंगणात पाठवलं. रणधीर पेरूच्या झाडाखाली चपलेनं माती उकरत उभा राहिला. म्हणाला, आईनं मला काहीतरी आहे एवढंच सांगितलं, काय ते पोरीलाच विचार म्हणाली. मी चार वाक्यांत सांगितलं. तो गोंधळला होता, ते दिसत होतं. मुलगी बघायला आलेल्या पोरानं पाळीबद्दल कधी ऐकलेलं असतं? मला वाटलं, आता तो घड्याळ बघेल आणि आत जाईल.

त्यानं विचारलं, "दुखतं म्हणजे, किती दुखतं?"

इतक्या वर्षांत हे मला नदाफ मॅडमशिवाय कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, गुराच्या दाव्याला गाठ मारून कुणी ती आतून ओढत राहावं, तसं. तो मान खाली घालून ऐकत राहिला. "बरं," एवढंच म्हणाला. पण त्या बऱ्यावर मी विश्वास ठेवला.

सांगलीला आम्ही तिघी गेलो. मॅडमच्या केबिनमध्ये दोन आया दोन बाजूंना आणि मी मध्ये. मॅडमनी टेबलाच्या खणातून ते साधन काढून दाखवलं. बोटाच्या पेराएवढं, पांढरं, इंग्रजी टी अक्षरासारखं, खाली दोऱ्याची दोन टोकं. आईनं ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. एवढीशी वस्तू, आणि तिच्यावरून आमच्या घरात किती दिवस अबोला होता.

मालनबाईंनी सरळ विचारलं, "ह्यानं पुढं मूल व्हायला अडतंय का?"

"हे आत असेपर्यंत मूल राहणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हवं तेव्हा दोन मिनिटांत काढता येतं, आणि काढल्यावर याच्यामुळं काही अडत नाही. आजारामुळं अडचण येऊ शकते, उशीर लागू शकतो. तशी अडचण आली तर त्यावर उपाय आहेत. खात्री मात्र मी देणार नाही, कुणीच देऊ शकत नाही. आणि हेही सांगते, यानं आजार मुळापासून जाणार नाही. ताब्यात राहील."

"आणि मूल झालं की आपोआप थांबतं म्हणतात ते?" हे आईनं विचारलं.

"काहींना तेवढ्यापुरता आराम पडतो. पण मूल हे औषध नव्हे, ताई. तुम्ही आशा आहात ना? मग तुम्हालाच हे चार घरी सांगावं लागणार आहे."

आई चुळबुळत होती. शेवटी तिनं तो प्रश्न विचारलाच, अगदी हळू, मालनबाईंकडं न बघता, की पोरगी लग्नाची आहे, आणि हे बसवतात तर खालून. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तिला भूल दिलेली असेल, मी स्वतः बसवणार आहे, आणि औषधानं कुणाच्या पोरीला बट्टा लागत नाही. आईच्या आधी मालनबाईच म्हणाल्या, "मग तारीख द्या."

ऑपरेशनच्या दिवशी दोघी बाहेर बाकावर बसून होत्या. मला शुद्ध आली तेव्हा आई पायाशी होती आणि मालनबाई खाली जाऊन कुणाकडून तरी पेज करून घेऊन आल्या होत्या. मॅडमनी सांगितलं, गाठ काढली, आत बरंच चिकटलेलं होतं ते सोडवलं, आणि साधन बसवलं. जाता जाता त्या आईला म्हणाल्या, इतकं असताना ही पोरगी गाडीत उभी राहत होती, याचंच मला नवल वाटतं. आईनं माझा पाय चेपायला घेतला आणि कितीतरी वेळ चेपतच राहिली.

लगेच सगळं छान झालं असं नाही. पहिले काही महिने थेंब थेंब लाल जायचं, कधीही, ठावठिकाणा नसलेलं. कंबर धरायची. छातीत जड वाटायचं. आईच्या कपाळावर आठी दिसायची. मीही एकदा वैतागून मॅडमना फोन केला, की काढूनच टाका. त्या म्हणाल्या, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो, थोडी कळ काढ, तरीही नाहीच बरं वाटलं तर नक्की काढू. काढता येतं, हे कळल्यावर मला ते ठेवणं सोपं गेलं. पलूसहून आठवड्याला फोन यायचा. मालनबाई लग्नाचं काही बोलायच्या नाहीत. "कसं हाय?" एवढंच. रणधीरचे फोन वेगळे यायचे आणि ते लांबत चालले होते. होकार कुणी कधी दिला ते नीट आठवत नाही. हिवाळ्यात कधीतरी दोन्ही घरं मुहूर्त बघायला लागली होती, एवढं खरं.

शिदूआबांनी मात्र फरक सगळ्यांच्या आधी ओळखला. एका दुपारी आटपाडीच्या स्टँडवर डबा खाताना म्हणाले, पोरी, हल्ली तू बेल जोरात मारतेस.

चैत्र लागला. लग्न वैशाखात होतं. आईनं लग्नाच्या कुरडया घरीच करायच्या असं धरलं होतं. मी सुट्टी घेतली होती. सकाळीच चुलीवर गव्हाचा चीक शिजवून आम्ही पातेलं वर माळवदावर नेलं, जुन्या धुवट साड्या अंथरल्या आणि मी सोऱ्या घेऊन बसले. चीक गरम असतानाच घालाव्या लागतात. उकिडवं बसायचं, पोटाशी सोऱ्या धरून जोर लावायचा, एक झाली की पुढं सरकायचं. आई पाठीमागून चीक भरून देत होती. ऊन चढायला लागलं होतं, अर्धी साडी भरली होती, आणि मी कुठल्याशा प्रवाशाची गंमत तिला सांगत होते.

तिचा हात थांबला. "हेमांगी," ती म्हणाली, "तुझी तारीख जवळ आली असंल ना गं? उठ, मी घालते. असं पोट दाबून बसू नकोस."

मी हिशेब करायला लागले. मला खरंच आठवावं लागलं.

"येऊन गेली," मी म्हटलं.

"कधी?"

"मंगळवारी. ड्युटीवर होते. दुसऱ्या दिवशी गेलीसुद्धा."

"मग? काय झालं?"

"काही नाही झालं."

आईनं माझ्याकडं बघितलं, जशी ती इतकी वर्षं दर महिन्याला बघायची, आज किती आहे ते चेहऱ्यावरून ओळखायला. मग तिला बहुतेक खरंच काही सापडलं नाही. तिनं तोंड रस्त्याकडं वळवलं आणि पदरानं नाक पुसलं.

"घाल लवकर," ती म्हणाली, "चीक गार व्हायला लागला."